काट्यावरची तेरा पॅकेजं

आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, काट्यावर ‘साडे’ म्हणायची पद्धत नव्हती. गाठोडं साडेबेचाळीस किलो भरलं, तर मापारी मोठ्याने ‘त्रेचाळीस’ पुकारायचा. अर्धा किलो माल घालणाऱ्याचा, असा तिथला रिवाज. तो कोणी लावून दिला ते मला कोणीच सांगू शकलं नाही. मापारी म्हणायचा, कापूस घरून निघतो तेव्हा त्यात ओल असते, गाडीत येता येता तो सुकतो. तेवढा सुकलेला अर्धा किलो ज्याचा त्याला द्यावा. पहिलं गाठोडं चढलं की तो ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा आणि मग दोन, तीन, चार. बावीस वर्षं तो त्या काट्यावर होता. गावातल्या जुन्या मुसलमान घरातला, बाप तराजू दुरुस्त करायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. मीही म्हणायचो, माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनीच मोठा असला तरी.

जिनिंग पांढरकवड्याहून घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचो. आधी मी गावात कॉम्प्युटरचा वर्ग चालवत होतो. तो बंद पडला, पण ‘मास्तर’ हे संबोधन राहिलं. बी.एस्सी.ला गणित होतं, प्रोग्रामिंग पुस्तकं वाचून शिकलो. तेव्हा माझं वय चव्वेचाळीस.

काट्याची पावती छापणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. काटा अर्ध्या किलोच्या टप्प्यानेच वजन दाखवायचा. गाठोडं त्यावर ठेवलं की वजन तारेतून कॉम्प्युटरमध्ये यायचं, प्रोग्राम ते पूर्ण किलोत आणायचा, आणि शेवटी प्रत्येक गाठोड्याचं वजन व खाली बेरीज अशी मराठीतली पावती प्रिंटर खरखर करत बाहेर टाकायचा. चाचा पुकारलेला आकडा शिवाय स्वतःच्या वहीत लिहायचा. त्याची वही आणि माझ्या पावत्या महिन्यातून एकदा ताडून बघायच्या असा नियम होता. चार हंगाम महिन्याच्या बेरजेत सांगण्यासारखा फरक आला नाही.

प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. तारेतून आकडा वाचणं, मराठी अक्षरं प्रिंटरला समजावणं, रकाने आखणं, ही कामं जगात कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात आणि फुकट मिळतात. त्यांना पॅकेज म्हणतात. मी अशी चार पॅकेजं घेतली होती. पण पॅकेज एकटं येत नाही. आपण एका घरी लग्नपत्रिका द्यावी, त्याने भाच्याला आणावं आणि भाच्याने मेहुण्याला, तसं ते असतं. माझ्या चार पॅकेजांनी मिळून नऊ आणली होती. म्हणजे तेरा. त्यातल्या नऊंची मला नावंही धड पाठ नव्हती.

प्रत्येक पॅकेजला नंबर असतो, त्याला व्हर्जन म्हणायचं. लिहिणारे लोक सुधारणा करत राहतात, नंबर वाढत जातो. शेवटचा आकडा बदलला तर किरकोळ दुरुस्ती समजायची. पहिला आकडा बदलला तर समजायचं की काहीतरी मुळातून बदललं आहे आणि आपलं काम आधीसारखं चालेलच याची हमी नाही. हे मी वर्गात मुलांना शिकवलेलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आठच दिवसांत कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. माझा प्रोग्राम सीडीवर होता. तेरा पॅकेजं नव्हती. सीडीवर एक यादी होती, तिच्यात मी घेतलेल्या चार पॅकेजांची नावं होती. फक्त नावं. व्हर्जनचा नंबर एकाही नावापुढे नव्हता. घरी किराण्याच्या यादीत तेलाच्या पिशवीचं माप लिहिल्याशिवाय मी बाहेर पडत नाही, आणि इथे आकडे सोडून दिले होते. चार हंगाम सगळं चाललं होतं, म्हणून पुढेही चालेल, एवढाच विचार त्यामागे होता. विचार म्हणावा असंही ते काही नव्हतं.

जिनिंगवर इंटरनेट नव्हतं. पांढरकवड्यात होतं ते इतकं हळू की अर्ध्यात तुटायचं. म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन एस.टी.ने यवतमाळला जायचं, सायबर कॅफेत बसून पॅकेजं उतरवून आणायची. पहिल्या दिवशी चारही आणली. येऊन बसवायला घेतली, तर मराठी अक्षरांच्या पॅकेजने सांगितलं की मला अमुक एक लागतं, ते तुमच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतमाळ. ते आणलं, तर त्याला आणखी दोन हवी होती, आणि त्यातलं एक म्हणत होतं की तुमची प्रोग्रामिंगची भाषाच जुनी आहे, मी जुन्यावर चालत नाही. तिसऱ्या दिवशी भाषेचं नवं व्हर्जन आणलं. ते बसवल्यावर तारेतून वजन वाचणारं पॅकेज बसेना. त्याचंही नवं आणावं लागलं. तो चौथा दिवस. जुनी व्हर्जनंही मिळाली असती, पण कोणती जुनी, हे ज्या कागदावर असायला हवं होतं तो कागद मी कधी केलाच नव्हता.

या चार दिवसांत पावत्या हाताने चालल्या होत्या. आवारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. कापसाचा भाव पडलेला, त्यात दोन-दोन दिवस गाडी उभी. मी एस.टी.तून उतरून फाटकातून आत आलो की रांगेतली माणसं माझ्या हाताकडे बघायची. पेन ड्राइव्ह खिशात असायचा.

चौथ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होतो तेव्हा बायकोने विचारलं, “आज कोणाले आणाले चालले?”

“काट्याच्या तारेवाल्याले.”

“मंग एखादी जीपच करा ना. सारा गोतावळा एका खेपेत येईन.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. आधी पूर्ण गोतावळा शोधून, एकदम सगळी उतरवून आणायची सोय असते. ती मला ठाऊक होती. घाईत मी एकेक ओढत बसलो.

पाचव्या दिवशी प्रोग्राम चालू झाला. मी तीन वजनं करून पाहिली. एक चाळीस किलो, एक एक्कावन्न, आणि एक साडेसदतीस. साडेसदतीसचे पावतीवर अडतीस आले. रिवाजाप्रमाणे बरोबर. मी दिवाणजींना, म्हणजे आवाराचा कारभार बघणाऱ्या गृहस्थांना, सांगितलं की चालू करा. नव्या पॅकेजांसोबत काय काय बदललं याच्या नोंदी आलेल्या असतात. त्या तेरा फायली मी पेन ड्राइव्हवर आणल्या होत्या. वाचल्या नाहीत. पाच दिवस पाठ दुखत होती, आणि साडेसदतीसचे अडतीस आले होते.

अकरा दिवस काही झालं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरची बाई आली. साठीची असेल. तांड्यावरच्या वयस्क बाईला आमच्याकडे सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. तिची अकरा गाठोडी होती. चाचा पुकारत होता, ती काट्याच्या बाजूला उकिडवी बसून ऐकत होती. पावती निघाली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिने पावती बघितली, उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली.

“चाचा, माया कानानं चारशे सत्त्याण्णव झाले. इथं चारशे त्र्याण्णव हाय. चार किलो कुठी गेले?”

चाचा हसला. “याडी, तुया हिशेब चुकला असन.”

“माया नाई चुकत. हे घे. दुसरं गाठोडं तू त्रेचाळीस बोलला. इथं बेचाळीस हाय. पाचवं सत्तेचाळीस बोलला. इथं सेहेचाळीस. सांगू अजून?”

चाचाने वही उघडली. दुसरं त्रेचाळीस. पाचवं सत्तेचाळीस. त्याने पावती घेतली आणि डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. मागच्या गाडीवरचा एक जण खाली उतरून आला. “दाखवा बरं.” त्याची पावती आदल्या आठवड्यातली खिशातच होती, पण त्याला पुकारलेले आकडे आठवत नव्हते. आठवत नव्हते म्हणूनच तो जास्त चिडला.

“तोंडानं मोठा आकडा बोलाचा अन् कागदावर लहान. हे बरं हाय लेका.”

“मी कागद नाई करत,” चाचा म्हणाला. “कागद मशीन करते.”

“मशीन कायले खोटं बोलन? तिले का घरदार हाय?”

लोक हसले. दिवाणजी आले. त्यांनी मला बोलावलं. मी ऑफिसातून बाहेर येऊन पावती पाहिली, वही पाहिली. पंचवीस-तीस माणसं भोवती उभी होती. दिवाणजींनी विचारलं, “मास्तर, कॉम्प्युटरची काही गडबड?”

आणि मी म्हणालो, “कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही.”

हे वाक्य खरं होतं. बेचाळीस आणि सेहेचाळीस धरून बेरीज बरोबरच होती. पण विचारलं होतं ते वेगळंच, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने माझ्या वाक्याचा एकच अर्थ घेतला. चाचाने माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटली.

दिवाणजींनी याडीचा माल पुन्हा मोजायला लावला, यावेळी काट्यावरचा आकडा स्वतः वाचून. जिथे अर्धा होता तिथे पुढचा धरला. चारशे सत्त्याण्णव भरले. तिला दुरुस्त पावती हाताने लिहून दिली. ती गेली. पण त्यानंतर चाचावर दोन्हीकडून आलं. शेतकरी म्हणत होते, हा मोठं पुकारतो आणि आतून लहान लिहवतो. दिवाणजी मला ऑफिसात म्हणाले, “उलटंही असू शकते, मास्तर. याडीचं जुळलं, पण एकीचं जुळलं म्हणून सगळ्यांचं जुळन असं नाही. रिवाजाच्या नावाखाली हा सगळ्यालेच वाढवून पुकारत असन. वहीत जास्त, मशीनमध्ये खरं.” त्यांनी चाचाला सांगितलं की बाजाराच्या दिवसापर्यंत घरी राहा. तोवर उलगडा झाला नाही, तर काटा दुसऱ्याकडे द्यावा लागेल. बाजार तीन दिवसांवर होता.

चाचाने वही माझ्या टेबलावर ठेवली. “ही तुमच्यापाशी राहू द्या, मास्तर. माया घरी राहिली तर म्हणतीन, घरी बसून बदलवली.”

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मी वही आणि अकरा दिवसांच्या पावत्यांचा तपशील घरी आणला. तारेचं पॅकेज काट्यावरून आलेला मूळ आकडा, अर्ध्यासकट, एका वेगळ्या फाईलमध्ये टाकत असे. ती फाईल मी कधी उघडली नव्हती. लागलीच नव्हती. तीही छापून आणली. जेवणाची खोली रिकामी करून जमिनीवर कागद मांडले. तीन रकाने: काट्याचा मूळ आकडा, चाचाने पुकारलेला, पावतीवर छापलेला. अकरा दिवसांत दोन हजार तीनशे सोळा गाठोडी झाली होती.

बायको दोनदा येऊन गेली. “जेवून घ्या. आकडे कुठी पळून राह्यले?”

दुपारी दोनपर्यंत मी सहाशे गाठोडी तपासली आणि तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. जिथे अर्धा नव्हता तिथे पावती बरोबर होती. जिथे अर्धा होता तिथे निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा एक किलो कमी. साडेबेचाळीसचे बेचाळीस, पण साडेत्रेचाळीसचे चव्वेचाळीस. साडेचव्वेचाळीसचे चव्वेचाळीस, पण साडेपंचेचाळीसचे सेहेचाळीस. अर्धा कुठेही असो, पावती प्रत्येक वेळी सम संख्येवर जाऊन बसत होती. माणूस चोरी करताना सम-विषम बघत नाही. हे चाचाचं काम नव्हतं. आणि माझं साडेसदतीसचं वजन विषम होतं, म्हणून चाचणीत ते अडतीसच येणार होतं. मी छत्तीस किंवा अडतीसवर अर्धा टाकून पाहिला असता, तर पाचव्या दिवशीच कळलं असतं.

मग मी त्या तेरा फायली वाचायला बसलो. नवव्या फाईलमध्ये सापडलं. आकडे पूर्णांकात आणणारं एक लहानसं पॅकेज. मी ते मागितलंच नव्हतं. रकाने आखणाऱ्या पॅकेजने ते सोबत आणलं होतं, आणि हाताशी आलं म्हणून पहिल्या वर्षी मी तेच वापरून टाकलं होतं. त्याच्या नंबरातला पहिला आकडा बदलला होता. नोंदीत चौथी ओळ अशी होती की यापुढे बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जायचं. नेहमी वर गेल्याने मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून हा बदल. त्यात चूक काही नव्हतं. हिशोबाच्या दृष्टीने ते जास्त न्याय्यही होतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांना आमचा काटा ठाऊक नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. अर्धा कोणाचा, हा आमच्या आवाराचा नियम. तो मी माझ्या प्रोग्राममध्ये तीन ओळींत लिहायला हवा होता. मी तो परक्या पॅकेजच्या सवयीवर सोडला होता, आणि ते सवय बदलून मोकळं झालं.

उरलेली गाठोडीही मी तपासली. अंदाजावर ठेवायचं नव्हतं. काट्यावर अर्धा आलेली गाठोडी एक हजार एकशे एकोणपन्नास, त्यातली सम संख्येवरची पाचशे एक्क्याऐंशी. म्हणजे पाचशे एक्क्याऐंशी किलो कमी लिहिले गेले, दोनशे बारा पावत्यांवर. पावतीमागे पावणेतीन किलोच्या आसपास. ओरड होण्याइतकं मोठं नाही, आणि कोणाचं काहीच जात नाही इतकं लहानही नाही. त्या वर्षांत माणसं वातीपुरता कापूसही बोंडातून टोकरून काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांना, शेठजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“दुरुस्त झालं का?”

“झालं. नियम आता माझ्या प्रोग्राममध्ये आहे. आणि तेराही पॅकेजांचे नंबर लिहून ठेवले. त्या नंबराशिवाय दुसरं काही बसणार नाही.”

“मग झालं. वायर ढिली होती म्हणून सांगा. मापाऱ्याला उद्या बोलवा.”

“वायर ढिली नव्हती.”

“मास्तर, लोकांना पॅकेज-फिकेज समजणार आहे का? वायर समजते.”

“वायर म्हटलं तर उद्या पुन्हा कोणाला शंका आली की वायर चाचाने ढिली केली म्हणतील. काट्यापाशी तोच असतो.”

त्यांनी पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली. “सांगा मग. पण तुमच्या तोंडाने. आणि दोनशे बारा पावत्या दुरुस्त करायच्या त्या तुम्हीच करा, आवारातल्या कोणाचा वेळ त्यात जाणार नाही.”

तिथून मी चाचाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून कोणाचा तरी हाततराजू दुरुस्त करत होता. पारडी मांडीवर होती. मी सगळं सांगितलं. सम-विषम त्याला लगेच कळलं, पॅकेज कळलं नाही.

“मंजे तुमी ज्याले बोलावलं, त्यानं दुसऱ्याले आणलं, अन् त्यानं गडबड केली.”

“गडबड मी केली. कोण आलं ते बघितलं नाही.”

तो पारड्याची साखळी बोटांनी सोडवू लागला. “दोन दिवस मी घरी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून राह्यलो, मास्तर. बायकोले म्हणलं, तू लांबून बोट ठेव, मी सांगतो. मले वाटलं माये डोये गेले. बावीस सालात कोणी म्हणलं नाई, अन् तुमी म्हणले कॉम्प्युटर चुकत नाई. मंग मीच चुकत असन.”

मी माफी मागितली. ती त्याने मान हलवून घेतली, आणि म्हणाला, “कागदावर लिहून द्या. बोललेलं उडून जाते. पोरीच्या सासरपर्यंत पोचली हे गोष्ट.”

बाजाराच्या दिवशी नऊ वाजता मी काट्याच्या ओट्यावर उभा राहिलो. चाळीसेक माणसं असतील. सांगितलं की अकरा दिवस पावतीवर कमी छापलं गेलं, चूक माझी आहे, चाचाने पुकारलेलं बरोबर होतं, ज्याची पावती असेल त्याने आणावी, दुरुस्त मिळेल. भाषण मला येत नाही. दोन मिनिटांत संपलं.

एक जण म्हणाला, “मंजे मशीन चोर निंगाली?”

“मशीन नाही. मी बघायला हवं होतं ते बघितलं नाही.”

“मास्तर, तुमी चोर वाटत नाई बाप्पा,” मागून कोणीतरी म्हणालं. “चोर असा सकायी सकायी सांगाले येत नाई.” लोक हसले आणि रांगेत परत गेले. किती जणांना पटलं ते मला माहीत नाही. एक-दोघे नंतरही चाचाने पुकारलं की काट्याच्या आकड्यावर वाकून बघत. त्याने त्यांना अडवलं नाही, उलट बाजूला सरायचा.

दुपारच्या जेवणाच्या सुटीत तो ऑफिसात आला. कागद मी तयार ठेवला होता. पॅकेजचं नाव, जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन, काय बदललं, पाचशे एक्क्याऐंशी किलो, खाली माझी सही. तो मराठी हळूहळू वाचायचा. बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

“यात मी कुठी हाय?”

“म्हणजे?”

“याचा नंबर लिहिला, त्याचा नंबर लिहिला. तुमची सही हाय. मी बरोबर होतो हे कुठी लिहिलं?”

त्याचं खरं होतं. मी नवा कागद घेतला. लिहिलं की या अकरा दिवसांत मापाऱ्याने पुकारलेली वजनं मी काट्याच्या मूळ आकड्यांशी ताडून पाहिली, आणि तिथे थांबलो. ताडून मी खरंच पाहिली होती. दोन हजार तीनशे सोळापैकी तीन चुकली होती. दोन ठिकाणी एक किलो जास्त पुकारला होता, एका ठिकाणी एक किलो कमी. दिवसाला दोनशेच्या वर गाठोडी पुकारणाऱ्या माणसाचे अकरा दिवसांत तीन म्हणजे काहीच नाही. पण आकडा दोन हजार तीनशे तेरा होता. सोळा नव्हता.

मी पेन धरून बसलो होतो. तीन दिवसांपूर्वी माझ्या एका वाक्याने या माणसाला घरी बसवलं होतं, आणि आता त्याच्याच कागदात मी तीनची खोट घालणार होतो. ‘सर्व बरोबर’ लिहिलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. तीन रकान्यांचा कागद त्याच्यापुढे केला आणि ती तीन गाठोडी दाखवली.

त्याने एकेक बघितलं.  मग म्हणाला, “तीन लिहा. एकबी चुकला नाई म्हणलं तर कोणालेच खरं वाटणार नाई. मलेच वाटणार नाई.”

मी लिहिलं. दोन हजार तीनशे सोळापैकी दोन हजार तीनशे तेरा बरोबर. सही केली, तारीख टाकली. त्याने घडी केली, पण खिशात ठेवली नाही.

“दोघाले जास्त बोललो, ते जाऊ द्या. ज्याले कमी बोललो थो कोण व्हय?”

मी पावती पाहिली. पाटणबोरीच्या बाजूचा एक कोलाम आदिवासी शेतकरी, तीनच गाठोडी आणलेली. त्याच्या पावतीवर माझ्याकडून एक किलो कमी छापला गेला होता, आणि चाचाने त्याच्या एका गाठोड्याला एक किलो कमी पुकारला होता. पैसे पावतीवरच्या आकड्याचे मिळतात, त्यामुळे चाचाच्या किलोने त्याचं काही गेलं नव्हतं.

“तुमचा किलो तुमी द्याल पावतीवर,” चाचा म्हणाला. “माया मी देतो. गाव सांगा.”

“तुमच्या किलोने त्याचं पावतीवर काही गेलं नाही, चाचा.”

“कमी बोललो तं खरं. गाव सांगा.”

मी गाव आणि पावतीचा क्रमांक सांगितला. ते त्याने माझ्याच पेनाने घडीच्या वरच्या बाजूला लिहून घेतला, तीन कसा लिहायचा ते एकदा विचारून, कारण पावतीवरचा मराठी तीन आणि त्याच्या वहीतला तीन वेगळ्या वळणाचा होता. बाहेर हमालाने हाक मारली, पुढची गाडी लागली होती. तो उठून गेला. थोड्या वेळाने त्याचं ‘लाभ’ ऐकू आलं, नेहमीपेक्षा जरा हळू, आणि त्यामागे काट्यावर वाकलेल्या एकाचा आवाज, “हो, बरोबर हाय.”

मी दोनशे बारा पावत्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. त्या हंगामात एकशे सत्तेचाळीस जण येऊन दुरुस्त पावती घेऊन गेले. पासष्ट आले नाहीत. त्यांच्या पावत्या अजून माझ्याकडे आहेत.